नीतिमत्ता शिकून पोट भरतं का?

प्रश्न : इचलकरंजीत आमचं कापड प्रोसेसिंगचं युनिट आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण सत्तरच्या आसपास. तिला फायनान्समध्ये एमबीए करायला लावायचं आम्ही ठरवलंय, क्लासची फीही भरली. आता म्हणते, उद्योगातली नीतिमत्ता आणि सामाजिक जबाबदारी हेच शिकायचंय. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आमच्या युनिटचं सांडपाणी कुठं जातं, असं विचारत होती; तेव्हापासून हे खूळ. घरात बोलणंही तुटलंय. नीतिमत्ता शिकून पोट भरतं का? तिची समजूत कशी काढू? – एक पालक

उत्तर : गुणांची काळजी सोडा, सत्तर टक्क्यांवर कुणाचं काही अडत नाही. मला पत्रात खटकलं ते दुसरंच. मुलीनं सांडपाण्याचं विचारलं, हे तुम्ही लिहिलंत. तुम्ही तिला काय सांगितलंत, हे नाही लिहिलं. बहुधा काहीच सांगितलं नसावं, नाहीतर बोलणं तुटलं नसतं. पंचगंगेच्या काठावर वाढलेल्या मुलीनं हा प्रश्न विचारणं यात खूळ कसलं? उलट बी.कॉम.ची पोरगी ताळेबंदाबाहेर बघतेय, ही धंद्याच्या दृष्टीनं चांगली खूण आहे. राग तुम्हाला विषयाचा आलाय की प्रश्नाचा, हे आधी स्वतःशी ठरवा.

आता तुमचा एक गैरसमज. सामाजिक जबाबदारी म्हणजे शाळेला बाकं देणं आणि फोटो काढणं, असं तुम्ही धरून चाललाय. 2013च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करायला लावतं, हे खरं. पण स्वतःच्या कारखान्याचं पाणी शुद्ध करण्याचा खर्च त्यात दाखवता येत नाही. ते कायद्यानं मुळातच तुमचं काम, उपकार नव्हे. म्हणजे नफा कसा वाटला याच्याइतकाच तो कसा कमावला, हाही या विषयाचा भाग आहे. सेबीनं 2022-23पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना पाणी, कचरा, मजुरी, तक्रारी यांचा सविस्तर अहवाल सक्तीचा केलाय. तो तयार करायला, तपासायला माणसं लागतात. जीओटीएससारखं, म्हणजे सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मागणारा कापडाचा गिऱ्हाईक तर थेट तुमच्या रंगांची यादी आणि ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या नोंदी बघतो. पोट भरतं का, याचं उत्तर तुमच्या ऑर्डर बुकातही सापडेल.

मुलीलाही थोडं कडक सांगायचंय, हे तिला वाचायला द्या. नुसत्या नीतिमत्तेची पदवी शोधू नकोस. बहुतेक एमबीएमध्ये हा एखाददुसरा पेपर असतो आणि तो पाठ करून पास होता येतं. सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी आठव. 2008मध्ये उत्तम कारभाराचा पुरस्कार घेतलेल्या त्या कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी 2009मध्ये पत्र लिहून कबूल केलं की, पुस्तकात दाखवलेल्या रोख आणि बँकेतल्या शिलकीपैकी 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. संचालक मंडळावर नामवंत प्राध्यापक बसले होते. तत्त्वांची जाण त्यांना कमी नव्हती. आकड्यांना हात घालून शंका विचारायला हवी होती, ती वेळेत कुणी विचारली नाही. हिशेब वाचता येत नसेल तर तुझी कळकळ पहिल्याच मीटिंगमध्ये गुंडाळून ठेवतील. म्हणून फायनान्स घेच. वडिलांच्या सांगण्यात तेवढं तथ्य आहे, कारण मात्र त्यांचं नव्हे.

वाटा नेहमीच्याच : एमबीएच्या प्रवेशासाठी कॅट, राज्याची सीईटी, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयसाठी झॅट; समाजकामाकडे जास्त ओढा असेल तर मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) किंवा आणंदची इर्मा (ग्रामीण व्यवस्थापन संस्था). कंपनी सेक्रेटरी हाही विचार करावा, फी बेताची आणि कायदा पक्का होतो.

तिची समजूत काढायचं मात्र तूर्त राहू द्या. परीक्षा झाली की तिला महिनाभर युनिटवर घ्या. ईटीपीचं लाइट बिल, केमिकलचा खर्च, प्रदूषण मंडळाचं संमतिपत्र, जे असेल ते तिच्यापुढे ठेवा. पाणी नियमाप्रमाणे जात असेल तर लपवण्यासारखं काहीच नाही. जात नसेल, तर ते दुरुस्त करायला किती पैसे आणि किती दिवस लागतील, याचा अंदाज तिलाच काढायला सांगा. त्यातून ती या विषयात टिकेल की नाही, हे तुम्हाला क्लासच्या मॉक टेस्टपेक्षा लवकर कळेल. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.