आयपीव्ही६वर 'स्थलांतर' होतं का?

सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकाची लॅब सांभाळणाऱ्या मॅडमचा प्रश्न आला आहे. त्यांनी फलकावर सूचना लावली होती : 'संगणक कक्षाचे आयपीव्ही६वर स्थलांतर शनिवारी होईल.' (आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटवर यंत्रांना पत्ते देण्याची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४.) दुसऱ्या दिवशी मुलं विचारायला आली, "मॅडम, लॅब कुठल्या मजल्यावर जाणार?" मग स्टाफरूममध्ये रूपांतर, पत्तांतर, संक्रमण असे शब्द निघाले. यातला बरोबर कोणता?

मॅडम, मुलांचं काही चुकलं नाही. सूचनेत जे लिहिलं होतं तेच त्यांनी वाचलं. स्थलांतर या शब्दातलं 'अंतर' म्हणजे लांबी नव्हे, 'दुसरं'. दुसरा देश तो देशांतर, दुसरं नाव ते नामांतर, दुसरी भाषा ते भाषांतर. (पाठांतर तेवढं मराठीत वेगळ्या वाटेला लागलं. संस्कृतात तो ग्रंथातला 'दुसरा पाठ', आपल्याकडे ते तोंडपाठ करणं झालं.) स्थलांतर म्हटलं की कोणीतरी हललं आणि जुनी जागा सुटली, एवढं गृहीतच असतं. तेलंगणातून विणकर कुटुंबं सोलापुरात आली आणि इथल्या मागांवर बसली, ते स्थलांतर. कारखाने पेटले की ऊसतोडीच्या टोळ्या जिल्ह्यात उतरतात, तेही स्थलांतर.

तुमच्या लॅबमध्ये काय हलणार आहे? यंत्र त्याच टेबलावर, केबल तीच. जुना पत्ताही सुटत नाही, जोडीला आणखी एक मिळतो. घरच्या वायफायवर असताना फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून आयपी अॅड्रेस पाहा. बऱ्याच फोनवर तिथे दोन तऱ्हेचे पत्ते दिसतील. एक १९२.१६८.१.७ असा टिंबांचा, आखूड. दुसरा आकडे आणि रोमन अक्षरं मिसळलेला, अपूर्णविरामांनी जोडलेला, लांबलचक. पहिला आयपीव्ही४चा, ३२ बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक यांची एक जागा). दुसरा आयपीव्ही६चा, १२८ बिटांचा. ३२ बिटांत साधारण ४ अब्ज २९ कोटी पत्ते बसतात, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपला. त्यानंतर ६ जून २०१२ रोजी जगातल्या मोठ्या संकेतस्थळांनी आणि सेवा देणाऱ्यांनी आयपीव्ही६ कायमचं सुरू केलं, पण आयपीव्ही४ बंद केलं नाही. दोन्ही शेजारी-शेजारी चालतात. नेटवर्कवाले यालाच ड्युअल स्टॅक म्हणतात. म्हणजे 'पत्तांतर'ही बसत नाही, कारण पत्ता बदलत नाही, वाढतो.

रूपांतर हा शब्द आपल्या जिल्ह्यात रुळांना शोभला. कुर्डुवाडीची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळावरून धावायची. तो रूळ जाऊन ब्रॉडगेज आलं, अरुंदाचं रुंद झालं, ते खरं रूपांतर. तुमच्याकडे जुनं उखडायचं नाहीच. पण कुर्डुवाडीचा दाखला मुलांना जरूर द्या. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढत नसे, माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. फक्त आयपीव्ही६ असलेल्या यंत्राला फक्त आयपीव्ही४ असलेल्या यंत्राशी थेट बोलता येत नाही, ते असंच. मध्ये पत्ते फिरवून देणारं तिसरं यंत्र लागतं.

राहिलं संक्रमण. नाम हवंच असेल तर माझं मत याला. सम् + क्रम्, म्हणजे पाऊल टाकत पलीकडे जाणं. तुमच्या एका सहकाऱ्यांचा आक्षेप तुम्ही कळवला आहे, की संक्रमण म्हटलं की व्हायरस शिरल्यासारखं वाटतं. तो अर्थ हिंदीतून येतो. मराठीत रोगाला संसर्ग किंवा लागण हे शब्द असताना बातम्यांमधून हिंदीचं संक्रमण आपल्याकडे घुसलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या गावात तर हा शब्द उजळ माथ्याने वावरतो. सूर्याचं मकर संक्रमण आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा सोलापूरकराच्या मनात वेगळी काढता येत नाही. घरी कन्नड बोलणारी मुलं तर संक्रांतीलाच 'संक्रमण' म्हणतात. त्यांना आजाराची आठवण होणार नाही.

एक बारकावा मात्र सांभाळा. पंचांगात संक्रमण हा क्षण असतो, पुण्यकाळ त्याच्याभोवती पसरलेला असतो. इंटरनेटच्या इतिहासात असा क्षण एकदा येऊन गेला. १ जानेवारी १९८३ या दिवशी अर्पानेटवरचा, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरचा, जुना प्रोटोकॉल (यंत्रांनी आपसांत बोलण्याची नियमावली) थांबवून टीसीपी-आयपी हा नवा लागू केला गेला. आयपीव्ही६चं तसं नाही. त्याचा पहिला तपशील डिसेंबर १९९५मध्ये प्रसिद्ध झाला आणि काम अजून चालूच आहे. म्हणून सगळ्या जगाबद्दल लिहिताना 'संक्रमणकाळ' म्हणा. एका लॅबच्या एका शनिवारला तो शब्द फार मोठा होतो.

आणखी एक शब्द मला फार आवडतो, खांदेपालट. आता तो मंत्रिमंडळाच्या बातम्यांत अडकला आहे, पण मुळात तो ओझं वाहणाऱ्यांचा. पालखीची दांडी एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा क्षणभर दोन्ही खांदे एकाच दांडीखाली असतात, नवा खांदा नीट लागल्याशिवाय जुना निघत नाही, आणि पालखी चालतच राहते. ड्युअल स्टॅकचं याहून नेमकं चित्र मला मराठीत सापडलं नाही. वर्गात शिकवताना हा शब्द बिनधास्त वापरा. फलकावर नको, मुलं लॅबचे प्रमुख बदलले असं समजतील.

सूचनेसाठी तर नामाचीही गरज नाही. इंग्रजीत 'मायग्रेशन' हे नाम आहे म्हणून आपण त्याच्या जोडीचं नाम शोधत बसतो. मराठी वाक्य क्रियापदावर सुखाने चालतं. नेटवर्कचं काम करणारी मंडळी दिवसभर 'व्ही-सिक्स चालू केलं का?' असंच विचारतात. तेवढंच जरा नीटनेटकं करून लिहा :

'शनिवारपासून या कक्षातील संगणकांवर आयपीव्ही६ सुरू होत आहे. आयपीव्ही४ पूर्वीप्रमाणेच चालू राहील. कक्षाची जागा बदललेली नाही.'