दोन शिट्ट्या

“मॅडम, पोरगा मशीन घालत नाही. लाज वाटते त्याला. तुम्ही जरा समजावून सांगा.”

श्रवण केंद्रात समुपदेशक म्हणून काम करताना ही तीन वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत, आणि तीही याच क्रमानं, की आईनं पहिलं वाक्य उच्चारलं की पुढची दोन मला आधीच ऐकू येतात. मूल आठवी-नववीत पोचलेलं असतं. पाच-सहा वर्षांचं असल्यापासून निमूट कानाला मशीन लावणारं पोर अचानक ते दप्तरात, कंपासपेटीत, उशीखाली ठेवायला लागतं. दहावी तोंडावर, घरात रोजची वादावादी. आणि खरी भीती बहुतेक आया सगळ्यात शेवटी, निघताना दाराशी उभं राहून विचारतात: “न घातलं तर आहे तेवढंही ऐकू येणं जाईल का हो?”

त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. मशीन न घातल्यानं आतल्या कानाची इजा वाढत नाही. नीट बसवलेलं मशीन घातल्यानंही वाढत नाही. काही मुलांचं ऐकणं मुळातच हळूहळू उतरत जाणाऱ्या जातीचं असतं, म्हणून वर्षातून एकदा चाचणी करायचीच. मशीन न घालण्यानं जातं ते वेगळं. वर्गातलं निम्मं बोलणं जातं, मित्रांचे विनोद जातात, आणि अंदाज बांधत ऐकल्यानं अंगातली ताकद जाते. शाळेतून आल्यावर पोर तासभर कुणाशी बोलत नाही तेव्हा ते दर वेळी वयाचं तुसडेपण नसतं. कधी कधी ते नुसतं दमलेलं असतं.

आता मधलं वाक्य. लाज वाटते त्याला. या वाक्यावर विश्वास ठेवून मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले, तो किस्सा सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगा कोल्हापूरचा, नववीतला. केस वाढवून कानांवर आणलेले. माझ्यासमोरच्या खुर्चीत आई बसली आणि तो मागे, दाराजवळच्या स्टुलावर. मी सगळे प्रश्न आईला विचारले. कधीपासून घालत नाही, शाळेत कुणी चिडवतं का, मार्क किती पडतात. तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. शेवटी त्याच्याकडे वळून मी माझं ठेवणीतलं भाषण दिलं: “अरे, चष्मा लागला की लोक चष्मा घालतातच ना? त्यात कुणाला लाज वाटते का? तसंच हे.”

“हो मॅडम,” तो म्हणाला आणि मान हलवली.

मी खूश. कमी ऐकू येणाऱ्या मुलांची मान किती तयार असते, हे मला तेव्हाही माहीत असायला हवं होतं. समजलं तरी हलते, नाही समजलं तरी हलते. समोरच्याला लवकर थांबवायचा तो त्यांचा सगळ्यात सोपा उपाय असतो.

दोन आठवड्यांनी ते परत आले. आई म्हणाली, “आता घालतोय. सकाळी घालतो ते रात्री काढतो.” आमच्या ऑडिओलॉजिस्टनं, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी, मशीन संगणकाला जोडलं. आजकालची मशीन किती तास चालू होती याचा हिशेब स्वतःच ठेवतात. पडद्यावर तो आकडा यायच्या आत मी तिला खुणेनं थांबवलं.

याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका मुलीचा असाच आकडा मी तिच्या वडिलांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला होता. मला वाटलं, पुरावा समोर आला की बोलणं सोपं होईल. ती मुलगी त्यानंतर वर्षभर केंद्राची पायरी चढली नाही. तेव्हापासून मी ठरवलंय, कान ज्याचे आहेत त्याला आधी विचारायचं.

म्हणून मी मुलाला विचारलं, “रोज किती तास घातलंस, हे यात लिहिलेलं असतं. आईसमोर उघडायचं की आधी तू एकटा बघतोस?”

तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलला. “म्हणजे मशीन चुगली करतंय?”

“करतं. म्हणून तर आधी तुला विचारतेय.”

आईला चहा घ्यायला बाहेर पाठवलं. नाखुशीनंच गेल्या त्या. आकडा होता दिवसाला सरासरी पावणेदोन तास. मी काही बोलले नाही, स्टूल उचलून त्याला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं आणि कागदावर एक आडवी रेघ मारली. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दहा. ही रेघ माझी नाही, डेन्मार्कच्या इडा इन्स्टिट्यूटनं श्रवणसेवेसाठी प्रचारात आणलेली आहे. प्रश्न दोनच. नीट ऐकू येणं तुला किती महत्त्वाचं वाटतं? आणि मशीन वापरणं तुला जमेल असं कितपत वाटतं?

पहिल्या प्रश्नाला त्यानं पेन उचलून विचारलं, “वर्गात की ग्राउंडवर?” बघा, मला हे सुचलंच नव्हतं. त्यानं दोन खुणा केल्या. वर्गाला चार, ग्राउंडला नऊ. दुसऱ्या प्रश्नाला मात्र एकच खूण केली, दोनवर.

अशा वेळी ‘दोनच का?’ असं विचारायचा मोह होतो. तसं विचारलं की मूल सबबी सांगू लागतं. मी विचारलं, “शून्य का नाही?”

“आज्जीशी बोलताना लागतंय की. तिला दात नाहीत. ओठ बघून काय कळतच नाही.”

ते पावणेदोन तास आज्जीचे होते.

मग ग्राउंडचं निघालं. पोरगा शाळेच्या फुटबॉल संघात होता, विंगला खेळायचा. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय चीज आहे ते पेठांमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पेठेतल्या तालमीच्या संघाचा सामना असला की घरात जेवणाच्या वेळा बदलतात. याचा सराव गांधी मैदानावर. आणि तिथं त्याला रेफरीची शिट्टी ऐकू येत नव्हती. खेळ थांबलाय हे न कळून त्यानं एकदा बॉल लांब मारून दिला आणि पिवळं कार्ड घेतलं. पाठीमागून कुणीतरी ओरडलं, “बहिरा हाईस काय?” ओरडणाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. तो जसं कुणालाही म्हणाला असता तसं म्हणाला.

“मग ग्राउंडवर मशीन का नाही घालत?”

“घाटलेलं की. घामानं बंद पडतंय.” थोडं थांबून त्यानं सांगितलं, “फुगा पण लावून बघितला.”

त्यानं फुग्याचा तुकडा कापून मशीनवर ताणून बसवला होता, वर दोरा गुंडाळला होता, घाम आत जाऊ नये म्हणून. अर्धा सामना व्हायच्या आत मशीन गप्प. आता गंमत अशी की त्या मशीनचा सेल झिंक-एअर जातीचा. तो हवेवर चालतो. नवा सेल टाकताना वरचं स्टिकर काढतो ते आत हवा जावी म्हणूनच. या पठ्ठ्यानं घाम अडवला आणि त्याबरोबर सेलचा श्वासही. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सेल बदलायचं शिकवलं होतं ते आईला, तो पाच वर्षांचा असताना.

लाज वाटणारा मुलगा मशीनसाठी फुगा कापत बसत नाही, एवढं मला त्या क्षणी कळलं.

ऑडिओलॉजिस्टनं त्याचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, त्याच्यासमोर ठेवला. नऊ वर्षं दर वर्षी चाचणी झाली होती, पण आलेख त्याला कुणी वाचून दाखवला नव्हता. उजव्या कानाची लाल गोल खूण, डाव्या कानाची निळी फुली. दोन्ही कानांची रेघ डावीकडून उजवीकडे घसरगुंडीसारखी उतरत गेलेली: ५०० हर्ट्झला ३० डेसिबल, १००० ला ४५, २००० ला ६०, ४००० ला ७०. हर्ट्झ वाढले की आवाज बारीक होतो, आणि डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं ऐकू येणं कमी. म्हणजे जाड आवाज बऱ्यापैकी येतात, बारीक आवाज येत नाहीत. अ, आ, ओ हे स्वर डावीकडच्या भागात मोडतात. स, श, त, थ, ख, फ ही हळू आणि बारीक आवाजाची मंडळी उजवीकडे. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण ‘सात’ म्हणाले की ‘आठ’, हे कळत नाही. आई म्हणायची, “याला हवं ते बरोबर ऐकू येतं.” तसं नव्हतं. त्याला जाड ते ऐकू येत होतं.

आणि शिट्टी? ऑडिओलॉजिस्टनं शिट्टीचा आवाज ज्या भागात पडतो तिथं बोट ठेवलं, घसरगुंडीच्या तळाशी. जवळून कितीही कर्कश असो, मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. लांबच्या विंगवर, प्रेक्षकांच्या गोंगाटात, त्याच्यापर्यंत काही उरत नाही. तो बराच वेळ आलेख बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे माझं लक्ष नव्हतं असं नाही.”

त्यानंतर दुसरी शिट्टी सापडली. ऑडिओलॉजिस्टनं मशीन त्याच्या कानाला लावलं, आवाज नेहमीच्या जागी आणला, आणि ते कूंऽऽ करून वाजायला लागलं. आम्ही दोघींनी एकदम वर बघितलं. तो शांत. त्याला ती ऐकूच येत नव्हती! तीही त्याच बारीक आवाजांच्या भागातली ना. मोल्ड, म्हणजे कानाच्या मापानं बनवलेला, मशीनचा कानात बसणारा भाग, सहावीत असताना केलेला होता. पोर वाढलं, कान वाढला, मोल्ड सैल झाला. फटीतून आवाज बाहेर येतो, मशीन तो पुन्हा उचलतं, पुन्हा मोठा करतं, आणि शिट्टी वाजते. वर्गात मशीन वाजायचं, पोरं माना वळवायची, आणि माना का वळल्या हे फक्त यालाच कळायचं नाही. कधीतरी शेजारच्यानं सांगितलं. मग यानं आवाज कमी करून ठेवला. कमी आवाजात काही कळेना. कळत नाही तर घालायचं कशाला?

आता सांगा, यात लाज किती आणि मोल्ड किती? लाज नव्हतीच असं मी म्हणत नाही. केस उगीच वाढवले नव्हते. पण आम्ही सगळ्यांनी लाजेपासून सुरुवात केली, आणि पुढचं काही विचारलंच नाही.

चष्म्याचं उदाहरण मी तेव्हापासून सोडलं. चष्मा घातला की अक्षर स्पष्ट होतं, विषय संपला. मशीनचं तसं नाही. ते सरांचा आवाज मोठा करतं तसा डोक्यावरच्या पंख्याचा आणि मागच्या बाकावरच्या खुसफुशीचाही करतं. नव्या मशीनमध्ये गोंगाट दाबायची सोय असते, पण चाळीस-पन्नास पोरांच्या वर्गात तिचीही दमछाक होते. मुलाला हे रोज अनुभवाला येतं आणि आपण त्याला सांगतो, चष्म्यासारखंच आहे. मग तो आपलं बाकीचं बोलणं तरी खरं का मानेल?

पुढचं झटपट सांगते. नवा मोल्ड केला. घामासाठी कापडी कव्हर आणि शर्टाला अडकवायची दोरी, रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, सेल त्यानंच बदलायचा, आईनं नाही. सरांच्या गळ्यात अडकवायचा वायरलेस माइकही दाखवला. लांबून ऐकायला त्यासारखा उपाय नाही, असं माझं आजही मत आहे. त्यानं साफ नकार दिला. “सरांच्या गळ्यात माझा माइक? नको.” मी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आईंना दहावीच्या सवलतीसाठी दाखला हवा होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऐकू कमी येणं’ या प्रकारात बसायला दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा तोटा लागतो. याच्या आलेखातल्या चार आकड्यांची सरासरी ५१. ही अधलीमधली मुलं सगळ्यात अडचणीत. सरकारी कागदासाठी पुरेशी बहिरी नाहीत, वर्गासाठी पुरेशी ऐकणारी नाहीत. पण दुसऱ्या बाकावर बसायला दाखला लागत नाही. वर्गशिक्षकांना चिठ्ठी मी लिहून देणार होते, तो म्हणाला मीच लिहितो. त्यानं लिहिलं होतं: ‘सर, तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलला की मला शब्द कळत नाहीत. माझ्याकडे बघून बोलला की कळतात. गृहपाठ फळ्यावर लिहाल का. हे वर्गात सांगू नका.’ याहून चांगली चिठ्ठी मला लिहिता आली नसती. माझ्या चिठ्ठीत ‘श्रवणदोष’ हा शब्द दोनदा तरी आला असता.

ग्राउंडचा तोडगाही त्यानंच काढला. बधिर खेळाडूंच्या ऑलिम्पिक स्पर्धा १९२४ पासून होतात, तिथं सामन्यात कानातली मशीन काढून ठेवावी लागतात आणि फुटबॉलच्या रेफरीकडे शिट्टीबरोबर झेंडाही असतो, हे मी त्याला सहज बोलता बोलता सांगितलं होतं. त्यानं कोचला गाठलं. झेंडा काही मिळाला नाही, पण सरावात शिट्टीबरोबर कोच हात वर करू लागले, आणि त्याच्या बाजूच्या बॅकला काम लागलं, खेळ थांबला की याला हात दाखवायचा. त्या बॅकला कारण सांगावं लागलं. संघातल्या एका मुलाला कळलं, म्हणजे चार दिवसांत सगळ्यांना कळलं. त्याबद्दल मी विचारलं तर खांदे उडवून म्हणाला, “कळू दे. आता ऑफसाइडला पण मलाच विचारतेत, हात दिसला का म्हणून.”

परवा जुलैत, धो धो पावसात ते आले होते. नवा मोल्ड कानाच्या वरच्या बाजूला टोचत होता. तो थेट ऑडिओलॉजिस्टच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. आई बाहेर माझ्याशेजारी बाकावर, ओली छत्री पायाशी, नजर दारावर.

“आत काय चाललंय हो मॅडम? मी जाऊ का?”

“बोलावलं तर जा.”

चहा आला. निम्मा पिऊन झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “तास किती झालेत, तेवढं तरी विचारा की.”

मी म्हटलं, “त्यालाच विचारा.”