तालुक्याच्या वाचनालयात विषयवार विभाग किती आणि कसे करावेत?

नऊ-दहा हजार पुस्तकं दाखल क्रमांकानं (म्हणजे पुस्तक रजिस्टरला नोंदवताना मिळालेल्या क्रमांकानं) कपाटात लावलेली, ग्रंथपाल एक, शिपाई एक, असं तुम्ही लिहिलंय. मग विभाग पाचच करा: कथा-कादंबरी, बालविभाग, स्पर्धा परीक्षा, विषयग्रंथ (इतिहास, शेती, आरोग्य अशा विषयांची पुस्तकं) आणि मराठवाडा. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या सार्वजनिक ग्रंथालयासारखे विषयवार विभाग तिथंच चालतात, जिथं प्रत्येक विभागात त्या विषयाचा जाणकार माणूस बसतो. आपल्याकडं इतिहास, शेती, आरोग्य अशा दहा पाट्या लावल्या तर वाचक काउंटरलाच येऊन विचारणार. देवघेवही एकाच टेबलावरून ठेवा.

दाखल क्रमांकाला हात लावू नका. पडताळणी आणि तपासणी दाखल रजिस्टरवरूनच होते. पुस्तकाला ड्यूईचा वर्गांक (ड्यूईच्या दशांश पद्धतीतला विषयाचा आकडा) द्या आणि त्याच्या आधी विभागाचं एक अक्षर लिहा: 'म ९५४.७९२' मध्ये 'म' म्हणजे मराठवाडा विभाग, ९५४.७९२ म्हणजे महाराष्ट्राचा इतिहास. उद्या विभाग मोडला तर अक्षर खोडायचं, वर्गांक तसाच राहतो. कादंबऱ्यांना मात्र ८९१.४६३ (मराठी कथा-कादंबरी) लिहीत बसू नका, लेखकाच्या आडनावानं लावा.

मराठवाडा विभाग वेगळा हवाच. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची पुस्तकं ड्यूईप्रमाणे काही आंध्रच्या ९५४.८४ मध्ये जातात, काही महाराष्ट्राच्या ९५४.७९२ मध्ये. १७ सप्टेंबरच्या भाषणासाठी येणाऱ्या पोरांना मग दोन कपाटं धुंडाळावी लागतात. ज्ञानेश्वरीचंही तसंच, २९४.५ (हिंदू धर्म) की ८९१.४६१ (मराठी काव्य)? माझं मत, मूळ ग्रंथ आणि टीका २९४.५ ला एकत्र, काव्य म्हणून केलेली समीक्षा ८९१.४६१ ला. काहीही ठरवा, पण ठरलेलं वहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढचा ग्रंथपाल उलटं लावतो.

काम वार्षिक पडताळणीला जोडून घ्या, कारण तेव्हा प्रत्येक पुस्तक हातात येतंच. एका वेळी एकच कपाट रिकामं करा, वाचनालय बंद ठेवू नका. वर्गांकाची चिठ्ठी पुठ्ठ्याच्या कण्यावर, खालून एक इंच वर लावा आणि वरून पारदर्शक टेप मारा. नुसत्या डिंकाच्या चिठ्ठ्या आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सुटून पडतात. खाकी कव्हर चढवलेल्या पुस्तकावर आतही, मुखपृष्ठामागच्या पानावर, वर्गांक पेन्सिलनं लिहा. कव्हर बदललं की बाहेरची चिठ्ठी गेलीच.

प्रत्येक फळीचा चौथा हिस्सा रिकामा सोडा. ठासून भरली की पुढच्या खरेदीची पुस्तकं आडवी पडतात आणि सगळा क्रम विस्कटतो. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वेगळ्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलांजवळ ठेवा. जुन्या आवृत्त्या तिथून काढा, पण बाद करण्याचा ठराव झाल्याशिवाय रजिस्टरमधून कमी करू नका.