पणजोबा 'काळी पाचवी'त होते आणि दुसऱ्या महायुद्धात गेले होते. त्यांची माहिती कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की घरात एक तांब्याच्या रंगाचं चांदणीसारखं पदक आहे आणि गणवेशातला एक फोटो आहे. आजी म्हणते, "ते काळी पाचवीत होते, परदेशात होते, मधे वर्षभर पत्रच आलं नाही, घरच्यांनी आशा सोडली होती." तुम्हाला 'काळी पाचवी' म्हणजे शाळेतली इयत्ता वाटली. आजीने तुम्हाला पलटणीचं नाव सांगितलंय, आणि ते अगदी नेमकं आहे.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनला आजही काळी पाचवी म्हणतात, जशी पहिलीला जंगी पलटण. मुंबई इलाख्याच्या जुन्या फौजेत या पलटणीचा नंबर पाचवा होता. पुढे ती 105 वी झाली आणि 1922 च्या फेररचनेत 'पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन' झाली. कागदोपत्री हे 2/5 असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे पाच हा आकडा दोनदा येतो, एकदा पलटणीच्या जुन्या नंबरात आणि एकदा रेजिमेंटच्या नावात. त्या काळात मराठा पलटणीतला कुणीही 'मी पाचव्या मराठात होतो' असं म्हणू शकला असता. म्हणून आजीला पुन्हा एकदा शांतपणे विचारा, की 'काळी' हा शब्द तिला पक्का आठवतो का. त्या एका शब्दावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

तो शब्द पक्का असेल, तर वर्षभर पत्र न येण्याचं कारणही बहुधा समोर आहे. 2/5 मराठा ही पलटण जून 1942 मध्ये लिबियातल्या टोब्रुकला होती, 11 व्या इंडियन ब्रिगेडमध्ये. 20 जूनच्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलच्या फौजेने टोब्रुकच्या आग्नेय बाजूवर हल्ला केला. तो घाव आधी या मराठ्यांच्या मोर्चांवर पडला. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं आणि सुमारे 33,000 माणसं कैद झाली. त्यात जवळजवळ अख्खी काळी पाचवी होती. घरी आधी 'बेपत्ता' असं कळायचं. कैदी म्हणून नाव लागून, रेड क्रॉसमार्फत ते हिंदुस्थानात पोचून, मग साताऱ्या-रत्नागिरीतल्या खेड्यापर्यंत यायला किती महिने लागत असतील त्याची कल्पना करा. तुमच्या घरच्यांनी आशा सोडली होती, ती याच काळात असावी असं मला वाटतं. पणजोबा त्या वेळी दवाखान्यात असतील किंवा दुसऱ्या पलटणीत बदली झाली असेल, हेही शक्य आहे. म्हणून हा धागा धरा, पण गाठ आत्ताच मारू नका.

आता पदक. चांदणीच्या मधल्या गोलात राजाची अक्षरं असतात आणि भोवती पदकाचं नाव असतं. तिथे 'आफ्रिका स्टार' असेल तर तुमचा धागा बळकट झाला. 'इटली स्टार' किंवा 'बर्मा स्टार' असेल तर सगळा शोध दुसरीकडे वळवावा लागेल. फीत शिल्लक असेल तर तीही बोलते. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची असते आणि मधोमध रुंद लाल पट्टा असतो. इटली स्टारची लाल, पांढरी, हिरवी असते. एक कळकळीची विनंती, पदकाला चिंच किंवा पितांबरी लावू नका. आपल्याकडे दसऱ्याला तांब्या-पितळेबरोबर पदकंही घासून लख्ख करतात, आणि मागच्या बाजूला बारीक कोरलेला नंबर दर वर्षी थोडा थोडा झिजतो. पाठीवर किंवा कडेवर काही कोरलेलं दिसलं तर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा, अक्षरं उठतात. फोटोची पाठही बघा. स्टुडिओचा शिक्का असला तर तो बेळगावचा आहे की कैरोचा, यानेही बरंच कळतं.

हे सगळं करायचं ते नंबरासाठी. मी आमच्या घरच्या शोधात पहिली दोन वर्षं नाव घेऊन फिरलो आणि ती वाया गेली. नावं इंग्रजीत ज्या कारकुनाने जशी ऐकली तशी लिहिली गेली आहेत. घाडगे, घाटगे, गाडगे, एकच माणूस तीन ठिकाणी तीन आडनावांनी सापडतो. त्यात दत्ताराम, सखाराम, तुकाराम नावाचे जाधव, पवार, शिंदे, कदम एकेका पलटणीत किती असतील सांगा. शिपाई नंबर मात्र एकाचाच. तोही त्या रेजिमेंटपुरता, म्हणून नंबर आणि पलटण ही जोडी एकत्रच सांगायची.

आमची हकीकत सांगतो, म्हणजे नंबर कुठे दडलेला असतो ते कळेल. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना थोरले आजोबा म्हणतो, इटलीत पडले. आमचं गाव पाटण तालुक्यात. घरात एवढंच माहीत होतं की 'तो इटालीला गेला आणि तार आली'. तार कुणी जपली नाही. मी ट्रंका उपसल्या, माळा झाडला, काही नाही. शेवटी आत्या म्हणाली, थोरल्या आजीची पेन्शनची पिशवी बघ. मेणकापडाची छोटी पिशवी होती, देव्हाऱ्यामागे खिळ्याला लटकवलेली. थोरली आजी दर महिन्याला ती कमरेला खोचून ट्रेझरीत जायची, हे मला लहानपणचं आठवतंय. आत घडी पडून चिरलेला पेन्शनचा हुकूम होता आणि त्याच्या पहिल्याच ओळीत नंबर, हुद्दा, नाव, 3/5 मराठा. सत्तर वर्षं तो देवाच्या पाठीमागे लटकत होता. तेव्हा तुम्हीही पणजोबांच्या वस्तूंपेक्षा आधी पणजीच्या वस्तू शोधा. पेन्शन तिने घेतली असेल, कागद तिने जपले असतील.

नंबर हाती आला की बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज करा. सोबत तुमचं नातं दाखवणारे कागद जोडा, म्हणजे वंशावळ, दाखले, सातबाऱ्यावरची वारसनोंद, जे असेल ते. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. भरतीची तारीख, कोणकोणत्या बटालियनमध्ये होते, मिळालेली पदकं, डिस्चार्जची तारीख आणि कारण, असं एकेक विचारा. आणि 'लाँग रोल'मधला उतारा मागा, हा शब्द विसरू नका. पेन्शन न मिळालेल्या शिपायाची सेवेची कागदपत्रं ठरलेली मुदत संपली की नष्ट केली जातात, पण लाँग रोल म्हणजे भरती झालेल्यांची मूळ नोंदवही कायम ठेवतात. मला एका कार्यालयात खिडकीवरूनच सांगितलं गेलं की एवढं जुनं काही नसतं. लाँग रोल म्हटल्यावर बाबूंनी मान वर करून बघितलं आणि अर्ज घेतला. तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचं मासिक अनुदान होतं. पणजोबांनी किंवा पणजीने ते घेतलं असेल तर तिथे फाइल असण्याची शक्यता चांगली आहे, आणि अर्ज बेळगावला पाठवायला तिथली माणसं मदतही करतात.

पलटण मराठा नव्हती असं निघालं तर बेळगावला काही मिळणार नाही. महार रेजिमेंट 1941 मध्ये बेळगावलाच उभी राहिली, पण तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनीअर पलटणीचं, पुण्यात खडकीला. आणि कोकणातल्या कुणी हे वाचत असेल तर एक लक्षात ठेवा, घरात 'लढाईत होते' म्हणतात ते आजोबा कित्येकदा आगबोटीवर खलाशी असतात. त्यांचा शोध फौजेच्या कागदांत घेऊन उपयोग नाही.

कैदेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पणजोबांची गोष्ट तिथेच असावी. टोब्रुकचे हिंदी कैदी इटलीत नेले गेले. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा काही जण छावणीतून निसटून डोंगरांतल्या शेतकऱ्यांकडे लपले आणि बाकीच्यांना जर्मनांनी उचलून जर्मनीत, फ्रान्समध्ये हलवलं. फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर 11 मे 1944 ला अमेरिकन विमानांचे बाँब पडले. त्या धांदलीत बाहेर पडून सुमारे 500 हिंदी शिपाई चालत स्वित्झर्लंडला पोचले. नेताजींच्या जर्मनीतल्या आझाद हिंद तुकडीत भरती झाले तेही याच कैद्यांमधून. म्हणून घरात 'बर्फात चालत गेले', 'गोऱ्या म्हातारीने भाकरी दिली', 'बोसबाबूंना पाहिलं' असलं काही कुणी सांगत असेल तर ते पोरांना रमवायची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका, लिहून काढा. कैद्यांची कार्डं जिनिव्हाला रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या दप्तरखान्यात आहेत. तिथे अर्ज वर्षातून ठरावीक वेळीच घेतात आणि त्यांची संख्या लवकर भरते, तेव्हा तारखेवर नजर ठेवा. नंबर, नाव, वडिलांचं नाव आणि पलटण एवढं तयार असू द्या.

पलटणीचं रोजचं काय चाललं होतं हे वॉर डायरीत मिळतं. या डायऱ्या लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. मध्यपूर्व आणि आफ्रिकेच्या डब्ल्यूओ 169 या मालिकेत, इटलीच्या 170 मध्ये, ब्रह्मदेशच्या 172 मध्ये. प्रती पैसे भरून मागवता येतात, किंवा तिकडे नात्यातलं कुणी असेल तर एका दिवसात फोटो काढून आणू शकतं. माझ्या मावसभावाने तसे आणले. पण एक मनात ठेवून वाचा. डायरीत साहेबांची नावं असतात, आपल्या माणसांचे आकडे असतात. थोरले आजोबा ज्या दिवशी गेले त्या दिवशीच्या नोंदीत टाइप केलेली एक ओळ होती, इतके 'आय.ओ.आर.' मेले, इतके जखमी. आय.ओ.आर. म्हणजे हिंदी शिपाई. त्या आकड्यातला एक आमचा. मी ती ओळ वडिलांना दाखवली तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

युद्धात मरण पावलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी आहे, वेबसाइटवर फुकट बघता येते. दुसऱ्या महायुद्धापुरती 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात गेलेल्यांचीच नावं तिथे आहेत. पणजोबा परत आले, म्हणजे ते तिथे नसणार, आणि नाव सापडलं नाही म्हणून निराश होऊ नका. पण त्यांचे भाऊबंद, गाववाले तिथे असतील. शोधताना आडनावाची दोनच अक्षरं टाका आणि रेजिमेंट निवडा. जिल्हे जुने धरा. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग 1949 पर्यंत साताऱ्यात होता, रायगड म्हणजे कुलाबा, सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीत, आणि सांगली, सावंतवाडी, कोल्हापूर ही संस्थानं.

आमचे थोरले आजोबा तिथे सापडले. इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे. ज्यांची ना कबर ना दहनाची जागा माहीत, त्यांचं ते स्मारक. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, त्याच 3/5 मराठाचे, 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांचंही नाव त्याच स्मारकावर आहे. 2023 मध्ये तिथल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं, तेव्हा आम्ही घरात बसून त्याचे फोटो पुन्हा पुन्हा बघितले.

यादीतल्या नोंदीत नावाखाली एक ओळ असते, अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव अमुक. त्या ओळीत थोरल्या आजीचं नाव होतं, मोडक्या इंग्रजी अक्षरांत, पण होतं. आम्ही नातवंडं तिला थोरली आजी म्हणायचो, गाव वहिनी म्हणायचं, तिचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. आणि तारीख मिळाली. तोवर घरात त्यांचं सर्वपित्रीला पान वाढायचे, कारण तिथी माहीत नव्हती. वडिलांनी जुनं पंचांग मिळवून तिथी काढली, आषाढातल्या वद्य पक्षातली निघाली. त्या वर्षीपासून त्या दिवशी पान वाढतो.

तर तुम्ही आधी तीन गोष्टी करा. पणजीचे कागद शोधा, आजीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि पदकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथे टाका. मधल्या गोलातली अक्षरं मला वाचता आली तर बेळगावच्या अर्जाचा मसुदा आपण मिळून करू.