अभिनयाकडून दिग्दर्शनाकडे वळताना आधी काय शिकावे?

आठ वर्षे मालिकांमध्ये अभिनय केल्यावर आता दिग्दर्शन करायचे आहे, तर आधी एखादा अभ्यासक्रम करावा की थेट लघुपट करावा, असे आपण विचारले आहे. मी अकरा वर्षांच्या अभिनयानंतर दिग्दर्शनाकडे वळलो. माझ्या मते या दोन्हींच्या आधी आपण काही महिने संकलकाच्या, म्हणजे चित्रित तुकडे निवडून जोडणाऱ्या तंत्रज्ञाच्या, शेजारी बसावे.

एखादे वाक्य कलाकाराच्या तोंडी का बसत नाही, हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळेल आणि कलाकार आपल्यावर विश्वासही ठेवतील. अडचण अशी की नटाला प्रसंग आपल्या पात्राच्या बाजूने पाहण्याची सवय लागलेली असते. मी दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच भागात वडील आणि मुलगी यांच्यातील एक दीर्घ संवाद होता. वडिलांचे काम मनासारखे होईपर्यंत मी टेक घेत राहिलो, म्हणजे तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित करत राहिलो, पण ऐकणाऱ्या मुलीचा क्लोजअप घेतलाच नाही. संकलनाच्या वेळी दोन टेकमधले उत्तम तुकडे जोडायचे होते आणि मध्ये दाखवायला दुसरा चेहराच नव्हता, त्यामुळे त्यातल्या त्यात बरा असा एकच सलग टेक ठेवावा लागला. त्या ज्येष्ठ नटाने जीव ओतून केलेले काम प्रेक्षकांपर्यंत पोहोचले नाही, याची खंत मला अजूनही वाटते.

अमेरिकन अभिनेते जोनाथन फ्रेक्स यांनी ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या विज्ञानकथा मालिकेत अभिनय करत असतानाच संकलन आणि ध्वनीचे काम जवळून पाहिले, मगच 1990 साली त्यांना त्या मालिकेचा एक भाग दिग्दर्शित करायला मिळाला, आणि 1996 साली त्याच मालिकेतील पात्रांवरचा चित्रपटही. अमोल पालेकरांनी 1981 मध्ये ‘आक्रीत’ हा चित्रपट आणि 1987 मध्ये ‘कच्ची धूप’ ही मालिका दिग्दर्शित केली. पण त्यांनी आपली ‘अनिकेत’ ही नाट्यसंस्था 1972 मध्येच सुरू केली होती, म्हणजे रंगमंचावरील दिग्दर्शनाचा अनुभव त्यांच्या गाठीशी आधीच होता.

चालू मालिकेत पात्रे, सेट आणि कथेचा सूर आधीच ठरलेला असतो, निर्माता आणि लेखक यांचा शब्द अखेरचा असतो, आणि ठरलेल्या वेळेत ठरलेली दृश्ये पूर्ण करणे हेच दिग्दर्शकाचे पहिले काम असते. चित्रपटात हे सगळे निर्णय बऱ्याच अंशी दिग्दर्शकावर येतात. म्हणून आपण काम करता त्याच मालिकेचा एखादा भाग मागणे मला अधिक सयुक्तिक वाटते, कारण तेथील पात्रे आणि तंत्रज्ञ आपल्या परिचयाचे आहेत.

तो भाग मागण्यापूर्वी मात्र आपण अभिनय केलेल्या एखाद्या प्रसंगाचे सर्व टेक पाहायला मिळावेत, अशी विनंती करावी. आपल्याला सर्वांत आवडलेला टेक संकलकाने का वगळला हे त्यांना विचारावे, आणि ते कारण सांगत असताना नट म्हणून त्यांच्याशी वाद घालू नये.