पाच दिवसांचं टीएमएस घ्यावं का?

ताई, दोन औषधं बदलूनही तुमच्या मिस्टरांचं नैराश्य हटत नाही, सोबत जीव घाबरा होतो, आणि एका क्लिनिकने "पाच दिवसांत बरे" असं मॅग्नेटचं, म्हणजे टीएमएसचं (डोक्यावरून मेंदूला चुंबकीय स्पंदनं देण्याचा उपचार) पॅकेज सांगितलंय. माझ्या धाकट्या भावाला नेहमीचं, सहा आठवड्यांचं टीएमएस दिलं तेव्हा रोज मीच सोबत जायचो, म्हणून सविस्तर लिहितो.

पाच दिवसांचा उपचार खरा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात नोलन विल्यम्स यांच्या गटाने तो बसवला. दिवसाला दहा वेळा, दर वेळी दहा मिनिटं, मध्ये पन्नास मिनिटं विश्रांती. एका वेळी १,८०० स्पंदनं, म्हणजे पाच दिवसांत ९०,०००. २०२१ च्या चाचणीत खरा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांची लक्षणं पुढच्या चार आठवड्यांत कधी ना कधी जवळजवळ गेली. नुसतं यंत्र लावून खोटा उपचार दिलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं. २०२२ मध्ये अमेरिकेत औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने त्याला मान्यताही दिली. पण त्या चाचणीत माणसं होती फक्त २९. हा आकडा क्लिनिकच्या पत्रकावर नसतो, तो तुम्ही लक्षात ठेवा.

शिवाय तिथे प्रत्येकाचा फंक्शनल एमआरआय (मेंदूचं काम दाखवणारा स्कॅन) काढून, कपाळामागच्या डाव्या भागात नेमकी जागा त्या माणसापुरती शोधली होती. त्यामुळे क्लिनिकला आधी हेच विचारा: जागा कशी ठरवणार? एका वेळी स्पंदनं किती? दोन बैठकांत अंतर किती? नुसत्या दिवसाच्या बैठका वाढवल्या म्हणजे तो उपचार स्टॅनफर्डचा होत नाही. आमच्याकडे एका ठिकाणी या प्रश्नांवर "मशीन इम्पोर्टेड आहे" एवढंच उत्तर आलं. आम्ही उठून आलो.

घाबरण्याबद्दल: नैराश्यासोबत येणारी चिंता अनेकदा त्याच्यासोबतच कमी होते. पण चिंतेचा आजार मुख्य असेल तर पुरावा बराच कच्चा आहे. मिस्टरांचं नेमकं काय, हे मानसोपचारतज्ज्ञांकडून स्पष्ट करून घ्या. दोन्ही औषधं पुऱ्या डोसमध्ये सहा-आठ आठवडे घेतली होती का, हेही फाईल काढून बघा. माझ्या भावाचं पहिलं औषध अर्ध्या डोसवरच सोडलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

भूल लागत नाही. पहिल्या दिवशी अंगठा कधी उडतो ते बघून ताकद ठरवतात. मग डोक्यावर टकटक. भावाचं पहिला आठवडा डोकं दुखलं. फिट येण्याचा धोका हजारात एकाहून कमी, तरी फिट्सचा इतिहास, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लियर इम्प्लांट असेल तर आधीच सांगा. आपण होऊन कुठलंही औषध बंद करू नका.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस भाऊ पार्किंगमध्ये म्हणाला, "दादा, चावी दे, आज मी चालवतो." दीड वर्षाने त्रास परत आला, तेव्हा पुन्हा काही बैठका घ्याव्या लागल्या. पॅकेजवाले हा पुढचा खर्च सांगत नाहीत, तोही विचारा.

आणि ताई, मिस्टर जेवण सोडत असतील किंवा जगणंच नको असं बोलू लागले असतील, तर टीएमएसची चौकशी करत थांबू नका. त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अशा वेळी ईसीटी (भूल देऊन मेंदूला विजेचा झटका देण्याचा उपचार) जास्त भरवशाची ठरते, तिच्या नावाने दचकू नका. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.