एकच खूण दहा वेळा करण्यात शिकण्यासारखं काय?

प्रश्न : माझी मुलगी बारावी आर्ट्‌सला आहे. माझे धाकटे दीर जन्मापासून कर्णबधिर आहेत, हर्णै बंदरावर काम करतात. ही त्यांच्याशी हातांनी तासन्‌तास बोलते आणि आता सांकेतिक भाषेची दुभाषी व्हायचं म्हणते. दोघं एकच खूण दहा-दहा वेळा करताना दिसतात. यात दोन वर्षं शिकण्यासारखं काय आहे? घरचे डी.एड. कर म्हणतात.
– एक आई, हर्णै

उत्तर : ताई, तुम्हाला जी नुसती उजळणी वाटते तेच तर व्याकरण आहे. आपण नाही का म्हणत, ‘वाट पाहून पाहून कंटाळले’, ‘घरोघरी फिरले’? हातांच्या भाषेत मात्र खूण किती वेगात, किती मोठी आणि कुठे पुन्हा केली, यावरही अर्थ ठरतो.

‘देणे’ घ्या. हात एकदाच समोरच्याकडे गेला, तर एकाला दिलं. तीच हालचाल थोडी थोडी जागा बदलत अर्धवर्तुळात केली, की प्रत्येकाला दिलं. दीर मासळीचे वाटे कसे घातले ते सांगत असतील तेव्हा त्यांच्या हाताकडे जरूर बघा.

अमेरिकन सांकेतिक भाषेवर यात बारीक काम झालं आहे. क्लिमा आणि बेलुगी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की ‘आजारी’ ही एकच खूण संथ, लांबवत फिरवली तर ‘बरेच दिवस आजारी’, आणि झटका देऊन, क्षणभर थांबून परत परत केली तर ‘सारखा बरा होतो, सारखा पडतो’. तिथे ‘बसणे’ एका सलग हालचालीत होतं, ‘खुर्ची’ दोन आखूड हालचालींत. हे नियम तिकडचे. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे, तिचे नियम मुलीला वेगळे शिकावे लागतील.

दवाखान्यात हे फार महत्त्वाचं ठरतं. पेशंटने ‘गोळी घेतली’ म्हटलं की ‘गोळ्या घेत असतो’, हे दुभाष्याला हालचालीवरून कळलं नाही, तर डॉक्टर चुकीच्या माहितीवर औषध लिहिणार.

आता मला खरी काळजी वाटते ती सांगते. काका-पुतणीच्या खुणा बहुधा घरात तयार झालेल्या आहेत. बाहेरच्या कर्णबधिर माणसाला त्यातल्या बऱ्याच कळणार नाहीत. म्हणून परीक्षा संपली की तिने आधी भारतीय सांकेतिक भाषा येणाऱ्या कर्णबधिर मंडळींमध्ये मिसळावं. तिथेही रमली, तरच पुढे जावं. काकांवरची माया मोठी आहे, पण तेवढ्यावर व्यवसाय निवडू नये.

कोर्स म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा दुभाषी पदविका, बारावीनंतर दोन वर्षांची, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. त्या केंद्राचा दहा हजार शब्दांचा शब्दकोश व्हिडिओ स्वरूपात असून तो फुकट बघता येतो. टक्क्यांची अट आणि प्रवेशाच्या तारखा त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा, ओळखीच्या माणसाच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

कामाचं म्हणाल, तर दापोलीत बसून पूर्णवेळ नोकरी मिळेल अशी आशा धरू नका. शाळा-कॉलेजं, कोर्ट, दवाखाने, टीव्हीच्या बातम्या, सरकारी कार्यक्रम ही कामं मुख्यतः मुंबई-पुण्याकडे, आणि सुरुवातीला बरीचशी कार्यक्रमागणिक मानधनावर. व्हिडिओ कॉलवरून दुभाषाचं काम होतं. नेट धड चालत असेल तर ते हर्णैतूनही जमेल. डी.एड. वाईट नाही, पण शिक्षक भरतीची वाट बघत बसलेली मुलं तुमच्या ओळखीतही असतील.

तूर्त एक करा. दिरांची परवानगी घेऊन त्यांच्या गप्पांचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि मुलीला तो मराठीत लिहून काढायला सांगा. प्रत्येक पुनरावृत्तीपुढे तिने अर्थ लिहावा : रोज, सारखं, बराच वेळ, की प्रत्येकाला. मग तो कागद दिरांसमोर धरून एकेक वाक्य तिला खुणांनी परत विचारू दे. चुका किती निघतात यापेक्षा ती चिडते की आणखी खोदून विचारते, तेवढं बघा आणि मला कळवा.